आधी विचारून घे

बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या, मी कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस. लॅबमध्ये वीस मशीन, सगळ्यांवर डेबियन. लिनक्स आपल्याला येतं, असा तेव्हा माझा समज होता.

मेलमधली लिंक दाबली की क्रोमियम उघडायचं, आणि काही मुलांना हवं असायचं फायरफॉक्स. मी रूट होऊन क्रोमियमची फाइलच उडवली आणि त्याच नावाने फायरफॉक्सकडे नेणारी सिमलिंक ठेवली. वीसही मशीनवर! ज्यांना क्रोमियमच हवं होतं, त्यांचा विचार मनात आलाही नाही. पुढच्या अपडेटने मूळ फाइल जागेवर आणून ठेवली. ‘लिनक्सचं असंच असतं’ म्हणून मी हात झटकले.

बाईंनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. टर्मिनल उघडून म्हणाल्या, “अरे, आधी त्याला विचारून तरी घे.” ‘एक्सडीजी-सेटिंग्ज’, मग ‘गेट’, मग ‘डिफॉल्ट-वेब-ब्राउझर’. उत्तर आलं: क्रोमियम डॉट डेस्कटॉप. ‘गेट’च्या जागी ‘सेट’ आणि शेवटी फायरफॉक्सच्या डेस्कटॉप फाइलचं नाव, काम झालं. रूटची गरजच नव्हती. मग त्यांनी होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’मधली ‘माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट’ दाखवली. एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एचटीएमएल, प्रत्येकापुढे कोणी धावून यायचं ते तिथे साध्या अक्षरांत लिहिलेलं. ही निवड ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या घरात. डेबियनमध्ये सगळ्या मशीनसाठीचा पर्याय वेगळा असतो, ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने ठरणारा. मला या दोन्हींतलं काहीच ठाऊक नव्हतं. एक्सडीजी म्हणजे मुळात ‘एक्स डेस्कटॉप ग्रुप’. नोम, केडीई अशा वेगवेगळ्या डेस्कटॉपांनी निदान काही बाबतींत एकमेकांशी जुळवून घ्यावं म्हणून २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी सुरू केलेला. हेही बाईंनीच सांगितलं. त्या सगळं मॅन पेज, म्हणजे कमांडसोबत येणारी माहितीची पानं, वाचून शिकल्या होत्या. मी तोवर एकही शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

पुढे सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली. तिथे माझ्या हातून मोठं नुकसान झालं नाही, ते बरंचसं त्या ‘गेट’मुळे.

बाई निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. नव्या लॅपटॉपवर लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडत होत्या. “तूच बघ,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांना हे माझ्याहून चांगलं येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कमांडमधली आडवी रेघ नेमकी कुठे, ते मला आठवेना. मी मॅन पेज उघडलं.