नेच्याचे खोड

नेचा म्हटला की आपल्याला पाने आठवतात. पावसाळ्यात आंबोलीच्या वाटेवर दरडींतून झुलणारी, कोवळेपणी जिलबीसारखी गुंडाळलेली. पण पान हा पाहुणा. घरधनी असते ते खोड, आणि ते बहुधा मातीत दडलेले असते. मुले त्यालाच मूळ समजतात. मी वर्गात सांगतो, ज्यातून वर पाने फुटतात आणि खाली मुळे सुटतात, ते खोड.

या खोडाच्या तऱ्हा निरनिराळ्या. जुन्या विहिरीच्या चिऱ्यांतल्या हंसराजाचे खोड आखूड; त्याची पाने एकाच जागी झुबक्याने येतात. भातखाचरातल्या चार दलांच्या नेच्याचे खोड दोऱ्यासारखे चिखलातून सरपटते. सह्याद्रीच्या ओलसर घळींत वाढणारा वृक्षनेचा मात्र ताठ उभा राहतो. त्याच्या खोडावर गळलेल्या पानांचे वण दिसतात, पण आत लाकडाची वर्तुळे नसतात. बुंध्याला जाडी येते ती मुळांच्या जाळीने.

माझा आवडता नेचा म्हणजे बाशिंग. त्याचे बोटाएवढे जाड, तपकिरी लव असलेले खोड झाडाला किंवा कातळाला बिलगून पुढे सरकते. त्याची पाने दोन प्रकारची. आखूड पाने वाळली तरी जागा सोडत नाहीत, पालापाचोळा अडवून खोडासाठी खत साठवतात. लांब हिरवी पाने पावसाळ्यानंतर वाळून जातात. उन्हाळ्यात झाड मेलेसे वाटते. मृगाच्या सरी आल्या की त्याच खोडातून पुन्हा पालवते.

एका सहलीत हे नाव सांगताच कानडी घरातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडेही लग्नात बाशिंगच म्हणतात!" नवरदेवाच्या कपाळीचा तो शब्द दोन्ही भाषांचा आहे, हे आपल्या भागात कुणाला वेगळे सांगायला नको.

बेळगाव-निपाणीकडे मराठी शाळांचा पट घटला की पालक मला विचारतात, "सर, आता आपल्या भाषेचे कसे होणार?" कुणी धीर देतो, घरात बोलतो ना, मग खोड शाबूत आहे. त्यात तथ्य आहे. पण वनस्पतिशास्त्र एवढ्यावर थांबत नाही. खोडातला साठा हिरव्या पानांनीच केलेला असतो. चार पावसाळे पानेच फुटली नाहीत, तर खोडही झिजत जाते. म्हणून घरात बोलणे हवेच, पण मुलाच्या हाती मराठी पुस्तकही हवे. शेजारच्या कानडीशी वैर न धरता हे करता येते. एकाच झाडावर दोन नेचे सुखाने वाढलेले मी पाहिले आहेत.