डब्याच्या दोन खिडक्या गेल्या, त्याची नोंद



आजची नोंद टोमॅटोची नाही, द्राक्षाचीही नाही. गेल्या हंगामात आमच्या कॅराव्हॅनच्या दोन खिडक्या गेल्या, त्याची आहे. कृषी पर्यटन करणारे किंवा करायच्या विचारात असलेले बरेच जण हे पान वाचतात. तुमचे पैसे वाचावेत म्हणून लिहितोय. आणि एक गोष्ट मनाला लागून राहिलीय, तीही सांगून टाकतो.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. आमचं शेत जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून आत. २०१८ साली तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यानंतर आम्हीही पाहुणे घ्यायला लागलो. दिवसा पाहुणे खूश. प्रश्न रात्रीचा. आपल्याकडे उसात बिबट्या आहे, हे काही लपलेलं नाही. तंबूत लेकराबाळांना झोपवायची जबाबदारी मी घेत नाही, कुणी घेऊही नये. खोल्या बांधायला हाताशी पैसा नव्हता. म्हणून पुण्यातून एक जुनी, गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन घेतली. गावात तिला सगळे ‘डबा’च म्हणतात. भिंती पक्क्या, दार पक्कं. भरवसा काय तो खिडक्यांवर. एक खिडकी गेली की डबा रात्रीपुरता बाद.

डबा आणायला पुतण्याला पिकअप घेऊन पाठवलं. चाकण, राजगुरुनगर, मंचर करत संध्याकाळी पोरगा दारात. मी पुढून बघतो तर समोरच्या मोठ्या खिडकीवर खड्ड्यांची रांगोळी आणि कोपऱ्यात वीतभर चीर. शनिवारचं बुकिंग होतं. माझं डोकंच फिरलं. चार माणसांत त्याला नाही नाही ते बोललो. गाडी पळवली असणार, दुसरं काय!

त्यानं उलट उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “अण्णा, जरा इकडं या. हे डाग बघा.”

बघितलं. खड्डे सगळ्या खिडकीभर नव्हते. दोन उभे पट्टे होते, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि खाली जास्त, वर कमी. पिकअपच्या मागच्या चाकांच्या बरोब्बर रेषेत. पिकअपच्या समोरच्या काचेवर मात्र एकही टिपका नव्हता. समोरच्या गाडीनं खडी उडवली असती तर आधी पिकअपची काच फुटली असती. म्हणजे दगड दुसऱ्या कुणाचा नव्हता, आपल्याच चाकांचा होता. रस्त्याचं काम चाललेल्या पट्ट्यात बारीक खडी पसरलेली असते. टायर ती उचलून मागे उडवतो आणि मागून येणारा डबा तिच्यावर जाऊन आदळतो.

मग पिकअपच्या मागच्या चाकांचे फ्लॅप बघितले. एक अर्धा तुटलेला, दुसरा जागेवरच नाही. तो दिवाळीच्या आधी टोमॅटोचे क्रेट भरताना बांधावर अडकून फाटला होता. तेव्हा पोरानं सांगितलं होतं, बदलू या. “बघू नंतर,” हे माझंच उत्तर.

एवढं कळूनही मी त्याला ‘माझं चुकलं’ म्हणालो नाही. “बरं, बघू” म्हणून आत गेलो. शनिवारचे पाहुणे आमच्या घरातल्या खोलीत झोपवले आणि आम्ही ओसरीत.

या खिडक्या काचेच्या नसतात, हे मला तेव्हाच समजलं. त्या ॲक्रिलिकच्या असतात, दोन थरांच्या, मध्ये हवा. वजनाला काचेच्या निम्म्या, म्हणून डबा हलका राहतो. पण ॲक्रिलिकवर ओरखडा लगेच उठतो. आणि सॉल्व्हंट त्याला अजिबात चालत नाही. मी खिडकीला चिकटपट्टी लावली होती, तिचा चिकटा पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला. दोन दिवसांत तिथं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. ओरखडा पॉलिश करून थोडाफार जातो, या भेगा जात नाहीत. थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर, सगळ्याला हेच लागू. आपली ईसी प्रकारची औषधं सॉल्व्हंटमध्येच बनवलेली असतात, म्हणून फवारणीच्या दिवशी डबा वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवू नका. पुसायचं तर भरपूर पाणी, थोडा साबण आणि मऊ सुती फडकं. कोरडं पुसायचं नाही.

नवी खिडकी मागवायला महिना गेला आणि २५ हजारांच्या घरात पैसे गेले. ती बसवायला डबा पुन्हा पुण्याला नेला. या वेळी पिकअप मी स्वतः चालवली. म्हटलं, दाखवतो कशी आणायची ती.

जाताना समोरच्या खिडकीवर मल्चिंग पेपर ताणून बांधला होता. तो वाऱ्यानं फडफडत राहिला, आत धूळ शिरली आणि पोहोचेपर्यंत त्यानं पॉलिश पेपरचं काम केलं. ती खिडकी तशीही बदलायचीच होती म्हणून निभावलं.

परतताना दुसरीच गंमत. नव्या रबराचा वास येत होता म्हणून मी बाजूची खिडकी जरा उघडी ठेवली होती. या खिडक्या वरून बिजागरीवर असतात आणि खालच्या कडीला दोन खाचा असतात. एक पूर्ण बंदची, एक हवेपुरती फट ठेवायची. ती दुसरी खाच डबा उभा असतानाच वापरायची, हे मला ठाऊक होतं. विसरलो. मंचरच्या पुढं उसाची जुगाडं चालली होती, मागेपुढे दोन दोन ट्रॉल्या, उसाची टोकं बाहेर लोंबणारी. शेजारून जाताना एक टोक त्या फटीत घुसलं. खिडकी बिजागरीतून उपसून रस्त्यावर. गाडी बाजूला घेईपर्यंत मागच्या ट्रकनं तिचा चुरा केला.

घरी आलो. पुतण्यानं डब्याला एक चक्कर मारली. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलायचा हक्क होता त्याला. तो काहीच बोलला नाही. प्लायवूडचा तुकडा आणला, मापात कापला, चारी बाजूंनी बसवला आणि म्हणाला, “अण्णा, हात धुऊन घ्या, जेवायला वाढलंय.” ते न बोलणं मला त्या २५ हजारांपेक्षा जड गेलं. जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो, “त्या दिवशी चूक माझी होती, आजही माझीच.” चार माणसांत ओरडलो होतो, तर चार माणसांतच कबूल करायला पाहिजे होतं. उशीर झाला, पण झालं.

आता आम्ही काय करतो, ते लिहून ठेवतो:

१. पिकअपच्या मागच्या चाकांना रुंद फ्लॅप. गोठ्यातल्या जुन्या रबर मॅटचे कापून बसवले. जमिनीपासून चार-पाच बोटं वर. सायलेन्सरला लागत नाहीत ना, ते बघायचं.

२. समोरच्या खिडकीला आवरण. आधी खिडकी धुऊन वाळवायची. त्यावर मऊ जुनी सुती साडी, मग फोमचा जाड थर, वरून ताडपत्री आणि लोड बांधायचे पट्टे. पट्टा डब्याच्या अंगावर आवळायचा, खिडकीवर दाब देऊन नाही. चिकटपट्टी खिडकीवर कधीच नाही. आवरणाखाली दिवे झाकले जाता कामा नयेत.

३. दहा किलोमीटरवर थांबून पट्टे तपासायचे. आवरण फडफडत असेल तर ते नसलेलं बरं.

४. पोहोचल्यावर आवरण लगेच काढायचं. आत ओल आणि उष्णता साठते.

५. निघताना एकानं आतून प्रत्येक कडी दाबून पूर्ण बंदच्या खाचेत घालायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं बाहेरून खिडकी ओढून बघायची. आमच्या डब्याला पाच खिडक्या, छताचं झाकण सहावं. सहा ऐकू आल्याशिवाय गाडी सुरू होत नाही.

६. खडी दिसली की वेग कमी. माराची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून ६० वर आलं तरी मार जवळपास निम्मा होतो.

७. शेतरस्त्यावरच्या बाभळीच्या फांद्या डबा आणायच्या आदल्या दिवशी छाटायच्या. बाजूच्या खिडक्यांना सगळ्यात जास्त ओरखडे शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात पडतात. आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीशेजारून जायची घाई करायची नाही.

हे केल्यापासून डबा तीनदा हलवला. खिडक्या शाबूत आहेत. आकडे मोजायचं काम पुतण्याकडं आहे आणि बाहेरून खिडकी ओढायचं माझ्याकडं. तो “सहा” म्हणतो, तेव्हाच मी स्टेअरिंगवर बसतो.

तुमच्याकडं आवरणासाठी यापेक्षा चांगलं काही वापरत असाल तर जरूर सांगा. पुढच्या नोंदीत पुन्हा टोमॅटो. चूकभूल द्यावी घ्यावी.