सांभाळणाऱ्याची रजा

संपादकांनी विषय दिला होता 'स्मरणशक्ती कशी टिकवावी'. बदाम, ब्राह्मी आणि शब्दकोडी यांवर दरवर्षी कुणीतरी लिहितंच, म्हणून मी विषय बदलून मागितला. मला डिमेन्शिया झालेल्या माणसापेक्षा त्याला आंघोळ घालणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

कारण सध्या एक सूनबाई डोक्यातून जात नाहीत. त्यांचे सासरे एसटीतले निवृत्त कंडक्टर. आम्ही डिमेन्शियाच्या रोग्यांसाठी डे-केअर चालवतो, तिथे ते आठवड्यातून दोनदा यायचे. आल्या आल्या सगळ्यांना तिकिटं फाडायचे आणि सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचे. मजेत होते. मग गणपतीत नणंद आली. "बाबांना कुठं टाकून येतेस?" एवढंच म्हणाली, आणि येणं बंद झालं. नणंद ठाण्याला राहते. बाबा रात्री कितीदा उठून दार उघडतात, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही.

साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातली बहुतेक घरातच असतात आणि प्रत्येकामागे बहुधा एक बाई असते. तिला ठरावीक वेळ मोकळीक मिळावी म्हणून केलेल्या सोयीला आमच्याकडे रेस्पाइट म्हणतात. "त्यापेक्षा ब्युरोची बाई ठेवा ना," असा सल्ला हमखास मिळतो. ब्युरोची बाई दर महिन्याला बदलते आणि नवा चेहरा दिसला की आजोबा बिथरतात. मग सूनबाई त्या दोघांनाही सांभाळत बसतात.

आता माझा आवडता वाद. कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. देणगी मागायला गेलं की हल्ली कुणीतरी शिकलेला गृहस्थ विचारतो, "याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?" बोट असतं रेस्पाइटवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2014 च्या कॉक्रेन आढाव्याकडे. जगभरातून त्यांच्या निकषांत बसल्या त्या चारच चाचण्या, मिळून 753 माणसं. फायदा सिद्ध होत नाही, तोटाही सिद्ध होत नाही, आणि पुराव्याचा दर्जा फार हलका, असं आढावा सांगतो. गृहस्थांनी वाचलेलं असतं ते त्यातलं पहिलं अर्धं वाक्य. मात्रेचा विचार कोण करतो? महिन्यातून एखादी दुपार मोकळी देऊन निकाल मोजणं म्हणजे अँटिबायोटिकची एक गोळी घेऊन औषध निकामी ठरवणं. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायची 22 प्रश्नांची प्रश्नावली ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या स्टीव्हन झॅरिट यांनी 1998 साली दाखवलं होतं की आठवड्यातून किमान दोन दिवस, सलग तीन महिने डे-केअर मिळालं तर ताण आणि उदासी कमी होते. तिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही उणीव मला मान्य आहे. पण गोव्यात तर चिठ्ठ्या टाकूनच 81 कुटुंबांवर चाचणी झाली. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ती 2008 साली प्रसिद्ध केली. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार सहा महिने घरी जात राहिले. रोग्याच्या वागण्यात ठोस फरक पडला नाही, तरी सांभाळणाऱ्यांचं मन सावरलं. हे काटेकोर अर्थाने रेस्पाइट नव्हे, पण मदत घराच्या दारापर्यंत गेली की काय होतं ते यातून दिसतं.

आणि तरीही कधी कधी मला त्या गृहस्थांचं पटतं. आमच्याकडे एक बाई नवऱ्याला आत सोडून चपलांच्या कपाटाशेजारी बाकावर बसून राहायच्या, सुट्टी होईपर्यंत. घरी जा म्हटलं तर म्हणायच्या, "घरी जाऊन काय करू?" इतक्या वर्षांनी मिळालेल्या चार तासांचं काय करायचं, हेच त्या विसरल्या होत्या. मोकळीक उशिरा मिळाली की अशी होते. ती निदानाच्या पहिल्या वर्षातच सुरू व्हायला हवी, बाई मोडून पडल्यावर बक्षीस म्हणून नव्हे. बरं, आमचं सेंटर दहा ते चार. रोग्याची खरी तगमग सुरू होते चारनंतर, दिवे लागायच्या सुमारास. वेळ आम्ही आमच्या कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरवली, आजाराच्या नाही. शिवाय रोग्याला उठवून, दाढी करून, कपडे घालून रिक्षात बसवण्यात निम्मी सकाळ जाते.

म्हणून सेंटर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. पुण्यात महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी तिथे पेपर वाचले जातात, कॅरम चालतो. मला माहीत असलेली काही केंद्रं दुपारी कुलूपबंद असतात. आठवड्यातून दोन दिवस, तीन ते सात, ती आम्हाला द्यावीत, असा अर्ज घेऊन मी फिरतोय. एका समितीने तयारी दाखवली, पण 'तुमची माणसं' असताना दाराला आतून कुलूप हवं, अशी अट घातली. कुलूप दिसलं की आमची माणसं ते खडखडवत बसतात, हे मी समजावलं. त्यापेक्षा दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडा आणि जवळ एक माणूस बसवा. दार नजरेला पडलं नाही की बरेच जण तिकडे वळतच नाहीत. समितीला कल्पना पसंत पडली. पडद्याचा खर्च कुणी करायचा, ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे.