बलयुग्म

मुदखेड हे जंक्शन आहे. एक फाटा नांदेडकडे, एक निजामाबादकडे, एक आदिलाबादकडे. आमच्या घरातही फाटे फुटतातच, त्यासाठी फलाट लागत नाही.

परवा लोखंडी कपाट हलवायचं ठरलं. कपाट सौ.च्या माहेरचं, तेव्हा प्रश्न नाजूक. तिला ते खिडकीकडे हवं, मला दाराकडे. ती मागून डावं टोक रेटू लागली, मी पुढून उजवं.

"अहो, जोर लावा की!"

जोर दोघांचाही सारखाच असावा. कपाट शहाबादी फरशीवर जागच्या जागी पाव गिरकी घेऊन थांबलं.

"बाबा, बलयुग्म!" अकरावीतले चिरंजीव ओरडले. दोन बलं सारखी, दिशा उलट, पण रेषा वेगळ्या. बेरीज शून्य, म्हणून वस्तू पुढे सरकत नाही, नुसती फिरते. नळाची तोटीसुद्धा अशीच फिरते म्हणे. एक बल गुणिले दोन रेषांमधलं अंतर, एवढं त्याचं परिबल. प्वांसो नावाच्या फ्रेंच गणित्यानं 1803 साली हे मांडलं आणि नाव दिलं 'कपल', म्हणजे जोडपं! नाव ठेवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, देव जाणे.

"आणि आम्ही समोरासमोर, एकाच रेषेत उभे राहिलो असतो तर?" मी विचारलं.

"मग कपाट फिरलंही नसतं."

एवढ्यात सौ. किंचाळली. कपाटाचं दार भिंतीला टेकलं होतं. आत तिची पैठणी, आणि नांदेडला लग्नाला जायची गाडी तासाभरात. आता दोघांनी एकाच बाजूनं ढकलायला हवं होतं. कुणाच्या, यावर अर्धा तास गेला.