न केलेली खूण

आमच्या शाळेच्या वार्षिकांकांत प्रवासवर्णनें येतात, थोरांचीं चरित्रें येतात, क्वचित् एखादी कविताहि येते. परंतु मोटारीखालीं पाठीवर निजून केलेल्या कामाची हकीकत आजपर्यंत आली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या मास्तरांनीं सारा जन्म गणित व व्याकरण शिकविण्यांत घालविला, त्यांनीं हातांत पाना घेऊन कोणते दिवे लाविले, असें आमचे विद्यार्थी विचारतील. त्यांस उत्तर इतकेंच कीं, दिवे फारसे लागले नाहींत. परंतु त्या कामांत आमची स्वतःचीच एक परीक्षा झाली, आणि तींत आमचे गुण कापले गेले. ते कोठें व कसे कापले गेले, तें सांगण्यासाठींच हा लेख.

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही मिरजेस ताईकडे गेलों होतों. आमचा भाचा नुकताच नोकरीस लागला असून, त्यानें आपल्या पगारांतून २०१८ सालची एक वापरलेली स्विफ्ट मोटार विकत घेतली होती. गाडी धडधाकट होती. परंतु ती 'उंच दिसते' हें एक शल्य त्याच्या मनांत होतें. चाक आणि त्यावरील पत्रा यांच्यामधील पोकळी त्याच्या डोळ्यांत खुपे. यावर उपाय म्हणून, उंची कमीअधिक करतां येईल असा स्प्रिंगा व शॉकअॅब्सॉर्बर यांचा संच त्यानें मागवून ठेविला होता. या संचास हे तरुण 'कॉइलओव्हर' म्हणतात. दीड महिन्याचा पगार त्यांत गेला होता, आणि तो संच घराच्या अंगणांतच स्वहस्तें बसविण्याचा त्याचा निश्चय होता.

ताईनें आम्हांस स्वयंपाकघरांत बोलावून हळूच म्हटलें, "माझें तो ऐकायचा नाहीं. एकटाच गाडीखालीं शिरेल. तूं निदान जवळ उभा राहा." मेहुण्यांच्या निधनानंतर ताईनें आम्हांपाशीं क्वचितच कांहीं मागितलें आहे. आम्ही उभे राहावयास म्हणून अंगणांत गेलों, आणि अर्ध्या तासांत पाठीवर निजलों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगतों. मोटारीचा सारा भार स्प्रिंगांवर असतो. स्प्रिंगेवर जितका जोर द्यावा तितक्या प्रमाणांत ती दबते किंवा ताणते, हा नियम इंग्लंडांतील रॉबर्ट हुक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. तो आमच्या शाळेंतील मुलांस पाठ आहेच. परंतु नुसत्या स्प्रिंगेवर ठेविलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. तें डोलणें थांबविण्याचें काम शॉकअॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळींत तेल असून एक दट्ट्या त्यांत वरखालीं होतो. तेल बारीक छिद्रांतून दाबून जातें आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत जिरते. मॅकफर्सन नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर यांची एकच सुटसुटीत जोडणी योजिली, आणि १९५० सालीं फोर्डच्या इंग्लंडांतील कॉन्सल व झेफिर या गाड्यांत ती आली. स्विफ्टच्या पुढील चाकांस तीच रचना आहे. मागें मात्र स्प्रिंग निराळी व शॉकअॅब्सॉर्बर निराळा. नव्या संचांत स्प्रिंगेखालील बैठकीस आटे पाडलेले असतात व त्यांवर एक कडें फिरतें. कडें खालीं फिरविलें कीं गाडी खालीं येते, वर फिरविलें कीं वर जाते.

परंतु गाडी खालीं घेणें हें फुकटचें काम नव्हे. भाच्याच्या डोळ्यांत खुपणारी ती पोकळी खड्ड्याचा धक्का बसतांना चाकास वर सरकण्यासाठीं राखून ठेविलेली जागा असते. गाडी ४० मिलिमीटर खालीं आली कीं तितकी जागा खर्ची पडली. मग चाक वर जाऊन रबराच्या ठोकळ्यावर आदळूं नये म्हणून स्प्रिंग अधिक ताठ घ्यावी लागते, आणि ताठ स्प्रिंगेचा हिशेब बसणाऱ्यांच्या पाठीस चुकवावा लागतो. हें आम्हीं भाच्यास समजावून सांगितलें. तो म्हणाला, "माहीत आहे, मामा. माझी पाठ अजून तरुण आहे."

कामास हात घालण्यापूर्वीं आम्हीं आमच्या संवयीप्रमाणें एक यादी केली. तींत एकंदर २८ बाबी झाल्या. शिवाय एक नियम घालून दिला: जो बोल्ट नेमक्या जोरानें शेवटचा आवळला जाईल, त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावयाची. रेघ नाहीं तर काम झालें नाहीं. आणि पुढें रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला असें समजावें. ही रीत कारागिरांची आहे, आमची नव्हे. परंतु ती आम्हीं मोठ्या ऐटींत घालून दिली, हें कबूल केलें पाहिजे.

गाडी सपाट फरशीवर घेतली, मागील चाकांस पुढून व मागून दगड लाविले, पुढील चाकांचे नट चाकें जमिनीवर असतांनाच थोडे सैल केले, आणि मग जॅक लाविला. गाडी उचलल्यावर दोन्ही बाजूंस लोखंडी स्टँड देण्याविषयीं आम्हीं हट्ट धरला. भाच्यास तो वेळेचा अपव्यय वाटला. "जॅक आहे ना, मामा? दहा मिनिटांचें तर काम." आम्हीं म्हटलें, "जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे." दुपारीं चहा घेऊन परत येऊन पाहतों तों जॅकमधून तेल झिरपून त्याचें डोकें गाडीपासून दोन बोटें खालीं उतरलें होतें. गाडी स्टँडवर निश्चल होती. भाचा बराच वेळ त्या दोन बोटांच्या अंतराकडे पाहत राहिला. तो कांहींच बोलला नाहीं. मात्र त्यानंतर स्टँड हातानें हलवून पाहिल्याशिवाय तो एकदांहि खालीं शिरला नाहीं.

काम वाटलें होतें त्याहून संथ चाललें. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर चारहि ठिकाणीं मोजून लिहून ठेविलें. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रींच तेल सोडलें होतें. ब्रेकची नळी व चाकाच्या गतीची वार्ता देणारी तार जागेवरून सोडविली, कारण सुटलेल्या चाकाचा भार त्यांवर पडतां कामा नये. मग गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याचा जोड, मग खालचे दोन जाड बोल्ट, आणि शेवटीं वरचे नट. जुन्या जोडणीच्या माथ्यावरील मधला नट मात्र कोणीहि सहज म्हणून सोडूं नये. त्याच्याखालीं दाबलेली स्प्रिंग असते, आणि ती सुटली तर माणसाचा जीव घेऊं शकते. नवा संच जोडूनच आला होता, म्हणून त्या नटास हात लावण्याची वेळ आली नाहीं. मागील बाजूस आडव्या तुळईस आधार देऊन शॉकअॅब्सॉर्बर सोडविले, तुळई हळूहळू खालीं घेतली, आणि स्प्रिंगा हातानें निघाल्या. रबराच्या जोडांतून जाणारे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरीं आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें. प्रत्येक बोल्टाचा जोर उत्पादकाच्या पुस्तिकेंत पाहून ठरविला आणि काढलेले मूळ भाग गोणपाटांत बांधून ठेविले.

संध्याकाळ झाली. यादीतील २८ बाबींवर आम्हीं समाधानानें टिचक्या केल्या व हात धुण्यास निघालों. भाचा दिवा घेऊन पुन्हां एकदां खालीं शिरला. थोड्या वेळानें तेथूनच आवाज आला, "मामा, इथें खूण नाहीं."

डाव्या पुढील चाकाजवळचा, त्या कल आवरणाऱ्या दांड्याच्या जोडाचा नट. आम्हीं पाना लाविला तों तो चांगला पाव फेरा फिरला. तो नट आमच्या वांट्याचा होता. मध्येंच दूरध्वनि आला, आम्ही उठलों, आणि परत येऊन पुढच्या बोल्टास लागलों. कागदावर टिचकी मात्र केली होती. सैल राहिला असता तर तो आधीं खडखडला असता, आणि मग केव्हांतरी एखाद्या वळणावर सुटला असता. उत्तरापुढें 'मीटर' हा शब्द राहिला तर अर्धा गुण कापणारे आम्ही. आमच्या भाच्यानें आमचा अर्धा गुणहि कापला नाहीं. त्यानें रंगाची डबी नुसती पुढें केली.

दुसऱ्या दिवशीं ताईस मागें बसवून गाडी बाहेर काढली. २०१८ च्या या गाडीचें पोट जमिनीपासून मुळांत १६३ मिलिमीटर उंच; आतां तें १२३ वर आलें होतें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. इतक्या रुंद उंचवट्यावर दोन्ही चाकें बरोबरच चढतात; गाडीच्या दोन चाकांमधील अंतर २४५० मिलिमीटर धरलें तर मध्यें सुमारें साडेचार सेंटिमीटरच जागा जाते. वरच्या वर्गांतील मुलांनीं १७ मीटर त्रिज्या घेऊन हें गणित करून पाहावें. परंतु गल्लीतील गतिरोधक प्रमाण वाचून बांधलेला नसतो. अरुंद उंचवटा दोन चाकांमध्यें आला कीं त्याची सारी उंची पोटास लागते. ताईच्या गल्लीच्या तोंडाशींच पोट घासल्याचा आवाज झाला आणि तिघांच्याहि अंगावर कांटा आला. उतरतांना ताई म्हणाली, "गाडी एवढी वांकली कीं आतां तींतून मलाच उठवेना." भाच्यानें तिला हात दिला. तो हंसला नाहीं.

उंची बदलली कीं चाकांचा कल व रोख बदलतो, आणि टायर आंतल्या कडेस झिजूं लागतात. म्हणून चाकें सरळ करून घेण्यास आम्ही एका कारखान्यांत गेलों. तेथील वृद्ध मिस्त्रींनीं काम नीट पाहिलें, पांढऱ्या रेघा पाहून मान डोलविली, आणि सहज विचारलें, "मास्तर, काम झकास केलंय. पण हे कागदांत बसतंय का?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं मूळ रचना अशी बदलण्याविरुद्धच निर्णय दिला. त्याच सालच्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेले भाग बसविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. आम्हीं मिलिमीटर मोजले, जोर मोजला, नियम घालून दिले. परंतु २८ बाबींत 'हें करण्याची आपणांस परवानगी आहे काय?' ही बाब घालण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं. तरुणास तें सुचलें नाहीं हें एक वेळ समजूं शकतें. ताईनें आम्हांस जवळ उभें केलें होतें, तें कशासाठीं?

भाच्यास आम्हीं तें सर्व वाचून दाखविलें. तो म्हणाला, "अशा शंभर गाड्या रस्त्यावर फिरतात, मामा." मग थोडें थांबून, "कडें वर फिरवून मूळची उंची केली तर?" आम्हीं म्हटलें, "उंची मूळची होईल; भाग मूळचे होणार नाहींत." त्याहून अधिक उपदेश केला नाहीं, कारण तो करण्याचा आमचा अधिकार त्या नटापाशींच संपला होता. यादीचा कागद त्याच्यापुढें ठेवून इतकेंच म्हटलें, "एकोणतिसावी बाब राहिली. ती माझी चूक. तूं लिही." त्यानें ती लिहिली, आणि तिच्यापुढें टिचकी न करतां कागद घडी करून खिशांत ठेविला.

सकाळीं उठून पाहतों तों अंगणांत गोणपाट उघडलेलें, जुन्या स्प्रिंगा पुसून मांडलेल्या, आणि गाडीखालीं दोन्ही स्टँड लाविलेले. जें बसविण्यास पूर्ण दिवस लागला होता तें काढून मूळचें बसविण्यास दुपारपर्यंतचा वेळ पुरला. या वेळीं पाना आमच्या हातीं व दिवा त्याच्या हातीं होता. प्रत्येक नटापाशीं तो विचारी, "झालें?" आणि आम्हीं 'झालें' म्हटल्यावर स्वतः पाना लावून पाही, मगच रंगाची डबी पुढें करी. चाकांचा रोख पुन्हां तपासून घेतला. मिस्त्रींनीं दुसऱ्या वेळीं पैसे अर्धेच घेतले.

दीड महिन्याचा पगार पेटींत बंद होऊन माळ्यावर पडला आहे. त्याचें वाईट वाटत नाहीं असें भाचा म्हणत नाहीं, आणि आम्हीहि तसें म्हणावयास त्यास लावीत नाहीं. मात्र ताईचें पत्र परवांच आलें. तींत ती लिहिते कीं, चिरंजीव आतां कांहींहि नवें आणावयाचें ठरलें कीं आधीं कागद घेऊन बसतो, आणि यादीची पहिली ओळ नेहमीं एकच असते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही जें काम कराल त्यावर खूण करीत जा; आणि शेवटीं दिवा घेऊन एकदां खालीं पाहा. खूण राहिलेली जागा कदाचित् तुमच्या मास्तरांचीच निघेल. तसें निघालें तर भिऊं नका, हंसूंहि नका. रंगाची डबी तेवढी पुढें करा.