भिडू

आमच्या आळीत रोजच्या खेळात भिडू वाटायची पद्धत सोपी होती. दोघादोघांनी गळ्यात हात टाकून लांब जायचं, कानात नावं ठरवायची आणि परत येऊन कप्तानांना विचारायचं, "सूर्य हवा की चंद्र?" मागितलं ते पदरात. तक्रारीला जागाच नाही.

खालच्या आळीशी कबड्डीचा सामना ठरला की मात्र निवड कप्तानाकडे यायची. सातवीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, आणि मी वजन बघून सात जण घेतले. आमचं कच्चं लिंबू चपला सांभाळायला बसलं. खालच्या आळीचा चढाईवाला उंच, तेल लावल्यासारखा निसटणारा. आमचे पैलवान त्याच्या कमरेला हात घालायचे आणि तो त्यांच्यातून सरळ वाट काढायचा. मध्यंतराच्या आधी आमच्या एकाचा गुडघा फुटला, म्हणून नाइलाजाने कच्चं लिंबू आत आलं. ते कोपऱ्यात उकिडवं बसलं आणि पुढच्याच चढाईला त्याने सूर मारून घोटा धरला. उंच माणूस घोट्याला सापडला की झाड पडावं तसा पडतो. सामना आम्ही हरलो, पण तो चढाईवाला नंतर तीनदा त्याच कोपऱ्यात पडला.

धडा मिळाला होता. पण मिळालेला धडा आपण वहीत ठेवतो आणि वही माळ्यावर.

पुढे नोकरीत एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. मी बोलण्यात पटाईत असे तिघे नेले. गिऱ्हाइकाने पहिलाच प्रश्न मागच्या वर्षीच्या हिशेबातल्या एका फरकावर विचारला. त्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं, तो चार वाक्यं सलग न बोलणारा आमचा हिशेबनीस ऑफिसात डबा खात होता.

माळ्यावरची वही खाली काढली ती भाच्याने, 2018च्या श्रावणात. पोकेमॉन गो या फोनवरच्या खेळात आमच्या कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ म्हणजे एक जिम. तिथे टायरॅनिटारची रेड लागली होती. आम्ही तिघे होतो: मी, भाचा आणि तिथेच भेटलेला एक कॉलेजातला मुलगा. प्रत्येकाने आपले सहा पोकेमॉन उतरवायचे आणि 180 सेकंदांत त्या धुडाला लोळवायचं. मी यादी सीपीप्रमाणे, म्हणजे ताकदीच्या आकड्याप्रमाणे लावली आणि वरचे सहा उचलले. ड्रॅगनाइट भरपूर, जोडीला काही केल्या न मरणारी ब्लिसी. ड्रॅगनाइट एकामागून एक कोसळले, ब्लिसी शेवटपर्यंत तगली, आणि टायरॅनिटारचं थोडं रक्त उरलेलं असताना वेळ संपली.

"मामा, सीपी काय बघतोस? समोर कोण आहे ते बघ ना!"

मग देवळाच्या पायरीवर शिकवणी झाली. टायरॅनिटार रॉक आणि डार्क अशा दोन प्रकारांचा. फायटिंगचा मार दोन्हींना जास्त लागतो, म्हणजे टायरॅनिटारला दुहेरी. त्याचे रॉकचे आणि डार्कचे घाव फायटिंगवाल्याला कमी लागतात. उलट ड्रॅगनाइट उडणारा. त्याला दगड जास्तच लागतो. म्हणजे सीपीत बराच खाली असलेला चार हातांचा मॅचँप इथे दोन्हीकडून सरस. ब्लिसीचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ती मरत नाही, पण मारतही नाही. घड्याळ कोण थांबवणार?" ऑफिसातली दोन-तीन माणसं डोळ्यांसमोर येऊन गेली. त्यात एक मीही होतो.

रेडचा पास तोच चालणार होता. बेशुद्ध पडलेल्यांना उठवायच्या भानगडीत न पडता मी माझे सगळे मॅचँप शोधून काढले. माचोपचा एक मॅचँप करायला 125 कँडी लागतात. त्या भाच्याने माझ्याच फोनवर, मला न विचारता, कधीच खर्च करून ठेवल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं आणि गेमनेही हवा ढगाळ धरली होती. ढगाळ हवेत फायटिंगचा जोर 20 टक्के वाढतो. या खेपेला टायरॅनिटार पडला तेव्हा घड्याळात 11 सेकंद शिल्लक होते. कॉलेजातल्या मुलाने, "काका, भारी!" म्हणून टाळी दिली. त्या भारीत माझा वाटा बोटं आपटण्यापुरता होता. नंतर त्याला पकडायला मिळालेल्या चेंडूंपैकी शेवटच्या चेंडूत टायरॅनिटार माझ्या हाती लागला.

तेव्हापासून "सगळ्यांत चांगला कोण?" असं कोणी विचारलं की मी आधी "कोणापुढे?" असं विचारतो. लोकांना वाटतं, हा उत्तर टाळतो आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात नेहमीच्या रेडमध्ये म्यूटू आला. तो सायकिक, त्याच्यापुढे फायटिंगवाल्याचा मार कमी आणि अंगावर येणारा घाव जास्त. डार्कचा चावा मात्र त्याला झोंबतो. मी देवळाशी उभा राहून सहा जण निवडले. पहिल्या जागेवर टायरॅनिटार होता. मॅचँप सगळे बाहेर बसले.