बांध सर्वांचा, भरपाई ज्याची त्याची

संकट आले की शेतकरी सरकारपुढे हात पसरतो, असा शेरा शहरांतल्या बैठकींतून आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. आम्हांला तो पटत नाही. शेताची राखण ही एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे, हे गोव्यातल्या खाजनांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

नदीच्या खाऱ्या पाण्यापासून आपल्या पूर्वजांनी ही जमीन सोडवून घेतली. चिखल, दगड व पेंढा यांचे बांध घातले आणि त्यांत मानशी बसविल्या. भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्याने मानशीची लाकडी दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन जातो आणि मग खार सोसणारे कोरगुट भात तेथे उभे राहते.

उधाणात बांध फुटला म्हणजे हानी दुहेरी होते. उभे पीक जाते, ते सर्वांना दिसते. जमिनीत खार मुरतो, तो मात्र दिसत नाही. खिंडार वेळीच बुजविले नाही, तर पुढल्या हंगामांतही भात होत नाही; हळूहळू खारफुटी रुजते, आणि तिला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे दुरापास्त होते.

सरकारी साहाय्याचेही असेच दोन भाग आहेत. राज्य आपत्ती निधीसाठी केंद्राने 2022-23 ते 2025-26 या वर्षांकरिता जे निकष ठरविले, त्यांत पावसावरच्या पिकाचे 33 टक्के वा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी 8,500 रुपये, तेही 2 हेक्टरांपर्यंतच, धरले होते. खुद्द जमिनीसाठीची तरतूद निराळी: शेतात 3 इंचांहून अधिक गाळ साचल्यास तो काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपये, आणि नदीने पात्र बदलून जमीनच नेली तर 47,000 रुपये. जमिनीसाठीचे हे साहाय्य लहान शेतकऱ्यांपुरते होते. पहिली रक्कम गेल्या हंगामाची, दुसरी येणाऱ्या हंगामांची. आमच्या मते दुसरीचे मोल अधिक.

परंतु दोन्ही रकमा पोहोचतात त्या एकेका शेतकऱ्याच्या नावे. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा म्हणाले, "मास्तर, पयशे म्हज्या नांवार येतले; पूण बांद सगळ्यांचो." खिंडार एका शेतापाशी पडते आणि खारे पाणी साऱ्या खाजनात शिरते, तेव्हा एकट्याच्या रकमेने काय व्हावे? पूर्वी बांधांची काळजी कोमुनिदाद वाहत असे. 1964 चा कूळ कायदा व 1975 चे नियम यांनंतर ती संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. जेथे संघटना जागी आहे, तेथे भगदाड लहान असतानाच माती पडते. जेथे अर्धी शेते पडीक आणि मालक परगावी, तेथे सरकारने कितीही ओतले तरी ते ओहोटीबरोबर वाहून जायचे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी अवश्य विचारा: शेताच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, आणि आपल्या बांधावर शेवटची माती कोणी व केव्हा घातली? पहिल्याचे उत्तर कचेरीतही मिळेल. दुसऱ्याचे उत्तर गावात कोणालाच देता आले नाही, तर पुढच्या उधाणाची वाट न पाहता चार शेजारी एकत्र बसवा.